खडपावरून जिगिंग: ट्रेबल ठेवू की असिस्ट लावू? (३०-४० ग्रॅमचे जिग)

गुहागरचा_पाहुणा

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबलाय पण वाचा प्लीज. मी असतो पुण्यात, आजोळ गुहागरकडे, सुट्टी मिळाली की पळतो. दिवाळीनंतर पाणी निवळलं की खडपावरून (किनाऱ्यावरच्या खडकांवरून) मेटल जिग मारतो, म्हणजे माशाच्या आकाराचं धातूचं आमिष, ३० आणि ४० ग्रॅमचे. रॉड साडेआठ फुटी मीडियम हेवी, ४००० चं रीळ, पीई १.५ ब्रेड (विणलेली दोरी, १.५ हा जाडीचा नंबर), पुढे ४० पाउंडचा फ्लोरो लीडर (दोरी आणि जिगमधला फ्लोरोकार्बनचा तुकडा).

आता अडचण अशी की विकतच्या जिगला शेपटाकडे ट्रेबल (तीन काट्यांचा हुक) लावलेलाच येतो, काहींना डोक्याकडे एखादा असिस्ट (आखूड दोरीला बांधलेला हुक) पण असतो. दुकानदार म्हणतो ट्रेबल काढू नका मासे सुटतील, व्हिडिओवाले म्हणतात ट्रेबल आधी कचऱ्यात टाका. ट्रेबल ठेवला की तळाला लागल्या लागल्या कपारीत बसतो आणि जिग गेलाच समजायचं. काढून नुसता पुढचा असिस्ट ठेवला तर फटका जाणवतो, रॉड वाकतो, आणि लगेच ढिला. मामा बाजूला बसून हसतो, म्हणतो एवढ्या पैशात बाजारातून दोन सुरमया आल्या असत्या.

तर सिंगल असिस्ट, डबल असिस्ट, ट्रेबल, इनलाइन सिंगल (थेट रिंगमध्ये बसणारा एक काट्याचा हुक), नक्की काय लावू? साइझ कुठली? आणि आमिषाच्या फिशिंगचे सर्कल हुक घरी भरपूर पडलेत, ते दोरीला बांधून असिस्ट केले तर चालतील का?

जांभ्यावरचा

भाऊ, एकच हुक सगळीकडे चालत नाही, म्हणून तुला दोन बाजूंनी दोन उत्तरं मिळतायत आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत. हुक कुठला हे नंतर बघू, आधी बघ मासा जिगला कुठून येऊन मारतोय.

असिस्ट डोक्याकडे लावायची पद्धत आली बोटीवरून. बोटीत जिग सरळ खाली सोडायचा, वर झटका द्यायचा, परत पडू द्यायचा. पडताना शेपटाकडचं वजन खाली आणि डोकं वर, हेकरू किंवा तांबोशी सहसा डोक्याच्या बाजूने मारते, हुक तिथेच असतो, काम झालं. शिवाय तळाला आधी टेकतं शेपूट, तिथे हुकच नाही म्हटल्यावर अडकणार काय.

खडपावरून तू जिग लांब फेकतोस आणि आपल्याकडे ओढून आणतोस, म्हणजे जिग डोकं पुढे करून पळतोय आणि मासा मागून पाठलाग करतोय. मागून येणारा मासा शेपूट धरणार. सुरमई तर खासच, ती आधी शेपूट कापून भक्ष्याला पांगळं करते आणि मग वळून येते. तुला जो फटका जाणवतो आणि लगेच ढिला होतो तो बहुतेक असाच, माशाने जिगचं मागचं टोक धरलं, हुक पुढे लोंबकळतोय, तोंडात गेलाच नाही.

म्हणून मी असं करतो. तळ खरवडायचा असेल, म्हणजे खडपाच्या कडेला खोल पाणी आहे आणि हेकरू, तांबोशी मनात आहे, तर मागे काहीच नाही, पुढे डबल असिस्ट. वरच्या किंवा मधल्या पाण्यात सुरमई, बॅराकुडा, काटबांगडा असं काही फिरतंय, पाण्यावर बारीक मासळी उडताना दिसतेय, तर पुढे डबल असिस्ट आणि मागे एक सिंगल. मागचा सिंगल लावा-काढायला मिनिट लागतं, स्प्लिट रिंगची (किल्लीच्या कडीसारख्या उघडणाऱ्या कडीची) पक्कड खिशात ठेवायची, बास. एकच जिग, मागची रिंग उघडून हुक चढवला की वरचा झाला, काढला की तळाचा झाला.

आणि नुसता असिस्ट असताना सुटतात म्हणतोस ना, त्याला आणखी एक कारण असतं, ते लोक बघतच नाहीत. हुक जिगच्या अंगाला चिकटवून बघ. हुकच्या टोकापासून दांडीपर्यंतची जागा जिगच्या रुंदीपेक्षा जास्त पाहिजे. कमी असेल तर माशाने चावल्यावर टोक जिगच्या अंगामागे लपतं, माशाच्या जबड्याला नुसतं लोखंड लागतं. कंपनीने दिलेले असिस्ट बऱ्याचदा असेच बारके असतात. रुंद पानासारखे जे स्लो जिग मिळतात त्यांना तर हमखास हुक बदलावाच लागतो, लांबट सुरीसारख्या जिगला एवढा त्रास नाही.

दिवेआगर_वीकेंड

मी ट्रेबलच्या बाजूने बोलतो, कारण इथे सगळे त्याला व्हिलन करून टाकतात 😀

मी जास्त करून वाळूच्या किनाऱ्यावरून मारतो, तळाला खडक नाहीच, अडकायचा प्रश्न नाही. बांगडे, छोटे बॅराकुडे, टोळ असले मासे जिगला नुसते चोच मारल्यासारखे मारतात. टोळाचं तोंड म्हणजे नुसतं हाड आणि दात, त्यात एक काटा रुतायची शक्यता ती किती, तीन काटे असले की कुठलातरी एक कुठेतरी लागतोच. १५-२० ग्रॅमच्या बारक्या जिगला मागे छोटा ट्रेबल लावला की फरक लगेच कळतो.

खडपावर पण चालतो, फक्त तळाला जाऊ द्यायचा नाही. फेकला की पाच-सहा आकडे मोजायचे आणि लगेच ओढायला सुरुवात. सुरमई तशीही तळाला बसलेली नसते. पाहुण्याचं होतंय काय की तो ट्रेबल लावून तळ खरवडतोय, ते कुठेच बसत नाही, मग दोष हुकाचा कसा?

एक मात्र कबूल, जिगसोबत येतो तो ट्रेबल बऱ्याचदा मऊ तारेचा असतो, जरा मोठा मासा लागला की सरळ होतो. तो बदलून चांगला घ्या, मग बोला.

जांभ्यावरचा

वाळूवर मान्य, तिथे ट्रेबलला माझा विरोध नाही. पण मोठ्या माशाला माझी अडचण वेगळी आहे. ट्रेबल जिगला घट्ट टांगलेला असतो, मध्ये फक्त एक रिंग. मासा मान झटकतो तेव्हा ४० ग्रॅमचं शिसं त्याच्या तोंडाबाहेर हेलकावे खातं आणि प्रत्येक हेलकाव्याला हुक उपटायला बघतं. असिस्टमध्ये हुक आणि जिग यांच्यात दोरी आहे, जिग कितीही नाचला तरी हुकला त्याचा धक्का पोचत नाही. असिस्टवर मासा टिकतो तो या दोरीमुळे. त्यात ट्रेबलचे काटे छोटे, पकड वरवरची.

दुसरं म्हणजे सोडायचा मासा. २०२३ पासून आपल्या राज्यात ५४ जातींना किमान आकार ठरवून दिलाय, त्याखालची मासळी धरायची नाही. बारकी सुरमई ट्रेबलवर आली की दोन काटे जबड्यात आणि तिसरा गालफडात, सोडवेपर्यंत तिचं काय उरतं ते आपण सगळ्यांनी बघितलंय. सिंगल असला की पक्कडने एक पीळ दिला की सुटते.

देवबागवालो

मी बोटवालो, माझा मत आयकशात तर ट्रेबल बोटीत नकोच रे बाबा. बोट हलता, मासो आत घेतलो की उड्यो मारता, एक काटो तेच्या तोंडात आणि दोन मोकळे, ते कोणाच्या पायात जातले ता देव जाणे. गिऱ्हाईक घेवन जातंय तेव्हा मी पयलो नियम सांगतंय, ट्रेबल काढा नायतर जिग पेटीत ठेवा. काटो आडव्या दाताच्या (टोकाजवळच्या उलट्या काट्याच्या) आत गेलो काय थय ओढाताण करू नये, सरळ डॉक्टर आणि धनुर्वाताचा इंजेक्शन.

आमच्या बापाशीच्या टायमाक ही सगळी नाटका खय होती. तंगूस, शिसा आणि गरी, हातान ओढूचा, बोटा कापत. पण तेव्हाय म्हातारो गरी घेताना नखार घासून बघी. टोक नखार घसारला तर गरी बोथट, रुतला तर बरी. तुमच्या हजार रुपयांच्या जिगाकय हाच नियम लागू. एकदा खडपाक घासलेलो हुक परत बघल्याशिवाय फेकू नको.

तळाच्या गोबऱ्याक आणि तांबोशीक पुढे दोन असिस्ट, जाड तारेचे. गोबरो लागलो की तो बिळात शिरता, थय दोन मिनटा लाड करूक वेळ नसता, हुक उघडलो तर मासो गेलो. आणि ह्यां पण सांगतंय, मालवणच्या किल्ल्याकडे सागरी अभयारण्य आसा, १९८७ पासून, थय इचारल्याशिवाय गळ टाकू नको, मागसून माझ्या नावान बोंब नको.

गुहागरचा_पाहुणा

वा, एवढं डिटेल अपेक्षित नव्हतं, थँक्यू सगळ्यांना. जांभ्यावरचा दादा, तुम्ही म्हणालात तसं आत्ता जिग काढून बघितला, हुक खरंच जिगच्या रुंदीएवढाच आहे, किंचित कमीच. म्हणजे निम्मं उत्तर तिथेच मिळालं.

आता दोन शंका. एक, साइझचं गणित. नंबर २ मोठा की २/० मोठा, दुकानात गेलो की गोंधळ होतो. दोन, जाड तार घेऊ म्हणजे उघडणार नाही, असं सोपं आहे का? आणि सर्कलचं कोणी बोललंच नाही.

जांभ्यावरचा

साइझ: ज्याच्यापुढे शून्य नाही ते उलटे चालतात, ४ पेक्षा २ मोठा, २ पेक्षा १ मोठा. तिथून पुढे १/०, २/०, ३/० असे वाढत जातात. पण एका कंपनीचा १/० दुसऱ्याच्या २/० एवढा असू शकतो, त्यामुळे आकड्यावर जाऊ नको, जिग खिशात घालून दुकानात जा आणि लावून बघ. तुझ्या ३०-४० ग्रॅमच्या लांबट जिगला साधारण १/० च्या आसपास बसेल, रुंद असेल तर २/०.

जाड तार: नाही, एवढं सोपं नाही. जाड हुक आत रुतवायला जोर लागतो, आणि तो जोर तुझ्या रॉडमधून आणि ड्रॅगमधून (रीळच्या ब्रेकमधून) येणार. मीडियम हेवी रॉड, पीई १.५, लांब फेकलेली दोरी, मध्ये लाटांनी दोरीला पडलेला झोळ, एवढ्यातून तू झटका मारलास तर माशाच्या जबड्यापर्यंत त्यातला किती पोचतो? बारीक तारेचा हुक तेवढ्यातही आत जातो. देवबागवाले दादा बोटीवर सरळ खाली आखूड दोरीत, जाड ब्रेडवर, ताकदीच्या रॉडने खेळतात, त्यांना जाड परवडतो. तुला मध्यम तार, टोक एकदम तीक्ष्ण, आणि एका जाड हुकऐवजी दोन मध्यम. दोन्ही लागले तर भार वाटला जातो, म्हणून उघडायची भीती पण कमी.

डबल असिस्टच्या दोन दोऱ्या सारख्या लांबीच्या ठेवू नको, एक अर्धा-एक सेंटीमीटर आखूड, नाहीतर दोन्ही हुक एकमेकांत अडकतात. आणि लांबी किती? हुक जिगला समांतर धरला तर वरून एक तृतीयांशापर्यंत यावा, फार तर अर्ध्यापर्यंत. त्याहून लांब केलास तर फेकताना हुक उलटा फिरून लीडरला गुंडाळतो आणि मागे सिंगल असेल तर त्याच्याशी गाठ मारून बसतो. हवेतच कळतं, जिग गिरक्या घेत जातो आणि निम्म्या अंतरावर पडतो.

सर्कल जिगला नको. सर्कलची सगळी करामत मासा आमिष गिळून शांतपणे वळला की आहे, दोरी ताणली जाते आणि हुक सरकत सरकत जबड्याच्या कोपऱ्यात बसतो, तिथे झटका मारायचाच नसतो. जिग हा धातू, माशाला चावताक्षणी कळतं की हे खायचं नाही, तो थुंकायच्या आत टोक रुतलं पाहिजे, आणि सर्कलचं टोक तर आत वळलेलं. ते हुक आमिषालाच ठेव, शेंगाळ्याला आणि तांबोशीला भारी आहेत.

मस्कतवासी

मूळचा वेंगुर्ल्याचा, इकडे ओमानमध्ये नोकरीला. सुरमईला इकडे कनाद म्हणतात आणि लोक तिच्यासाठी वेडे आहेत, १५ ऑगस्ट ते १५ ऑक्टोबर तिची मासेमारी बंद असते, १६ तारखेला सगळ्या बोटी पाण्यात.

वरती कोणी वायरबद्दल बोललं नाही म्हणून लिहितोय. सुरमईच्या भागात मागचा हुक दोरीच्या असिस्टवर लावलात तर दोरी केव्हलारची असो की आणखी कशाची, ती कापते. माझ्या बघण्यात दोनच गोष्टी टिकतात. मागे दोरीच नको, सिंगल हुक थेट रिंगमध्ये. नाहीतर प्लास्टिकचा थर असलेल्या स्टीलच्या बारीक वायरचा आखूड असिस्ट. लीडरच्या पुढेही बोटभर-वीतभर वायर लावावी की नाही यावर इकडे रोज भांडणं होतात, स्वच्छ पाण्यात वायर दिसते आणि फटके कमी होतात हे खरं, पण जिगच गेला तर फटक्याचं करायचं काय. मी सुरमई नक्की आहे असं दिसलं तरच लावतो.

मागे थेट रिंगमध्ये सिंगल लावणार असाल तर इनलाइन सिंगल घ्या, त्याचं नेढं मोठं असतं आणि आडवं वळवलेलं असतं, त्यामुळे हुक जिगच्या रेषेत सरळ राहतो. साधा हुक रिंगमध्ये घातला की तो आडवा उभा राहतो आणि जिगची चाल बिघडवतो. हे सिंगल मागे लावून पहिली फेक जवळच मारून बघा, जिग पडताना पूर्वीसारखा डुलतोय का ते दिसतं. फार जड हुक मागे लावला तर डुलणं थांबतं आणि तो दगडासारखा खाली जातो.

बोटीवरच्या स्लो पिचला (जिग सावकाश वर-खाली करायच्या पद्धतीला) आम्ही पुढे दोन मागे दोन असे चार हुक लावतो, सगळे बारीक तारेचे. तिथे जिग आडवा होऊन पडतो, मासा कुठूनही मारतो. पण ते खोल पाण्याचं आणि मोकळ्या तळाचं काम, खडपावर चार हुक म्हणजे आपणच समुद्राला जिग अर्पण करायचा.

दिवेआगर_वीकेंड

इनलाइन सिंगल छोट्या जिगला लावून बघतो मग, बांगड्याला किती बसतो ते कळेल. ट्रेबल अजून सोडलेला नाही हं 😀

ते चमकीवाले असिस्ट कसे वाटतात तुम्हाला? हुकला रंगीत झिरमिळ्या बांधलेले?

जांभ्यावरचा

गढूळ पाण्यात, म्हणजे पावसाळा संपल्या संपल्या, बरे पडतात. पण केंड (फुगा मासे) असतील तिथे लावू नका. केंड झिरमिळ्या बघून येतो आणि झिरमिळीबरोबर दोरी पण कुरतडतो, बाहेरून धड दिसते, आत निम्मी तुटलेली, आणि चांगला मासा लागला की तिथेच सुटते. असिस्टची दोरी दर थोड्या वेळाने बोटाने चाचपायची, कुठे मऊ किंवा फुगलेली लागली की कापून टाकायची, दया दाखवायची नाही.

शक्य असेल तर असिस्ट स्वतः बांधायला शीक पाहुण्या, तयार घ्यायला गेलास तर खडपावर दिवाळं निघेल. सुट्टे हुक, असिस्टची दोरी, सॉलिड रिंग (जोड नसलेली अखंड कडी), बारीक दोरा आणि उष्णतेने आकसणारी नळी, एवढंच लागतं. दोरीचा फासा सॉलिड रिंगमध्ये, दोन्ही टोकांना एकेक हुक, दांडीवर दोऱ्याने घट्ट वेटाळे, वर नळी चढवून लायटरची आच लांबूनच दाखवायची, दोरी वितळता कामा नये. दोरी फार लुळी असेल तर ती जिगला गुंडाळते, म्हणून आतून फ्लोरोचा तुकडा घातलेली जरा ताठ दोरी मिळते ती घे. आणि लीडर बांधायचा तो सॉलिड रिंगला. स्प्लिट रिंगला बांधलास तर तिच्या फटीत लीडर घुसून कापला जाईल, आणि हुकचा भार पण सॉलिड रिंगवरच आला पाहिजे, स्प्लिट रिंग फक्त जिगला लटकवायला.

देवबागवालो

आणि घराक गेल्यार गोड्या पाण्यात धू रे सगळा. वापरलेले हुक नव्या हुकांच्या डब्यात टाकशीत तर आठवड्यान सगळो डबो तांबडो. स्टीलचे न गंजणारे हुक घेवक जाव नको, दोरी तुटली तर तो हुक माशाच्या तोंडात कायमचो रवता, साधो हुक निदान झिजान पडता. आडवो दात पक्कडीन चेपून टाकलंस तरी चलता, दोरी ढिली सोडूची नाय एवढाच.

गुहागरचा_पाहुणा

मस्त. म्हणजे आता खरेदी अशी: १/० आणि २/० मध्यम तारेचे सुट्टे हुक, इनलाइन सिंगल, ताठ असिस्ट दोरी, सॉलिड रिंगा, थोडी वायर. मागचा सिंगल किती नंबरचा घेऊ, पुढच्याएवढाच का?

मस्कतवासी

त्याच्यापेक्षा एक नंबर लहान. आणि टोक जिगच्या ज्या बाजूला रंग गडद आहे त्या पाठीकडे वळलेलं राहील असा लावा, तळाला चुकून टेकला तरी पोट खाली लोळतं आणि टोक वर राहतं. उधाणाला जाणार असाल तर ४० ग्रॅमचेच न्या, त्या ओढीत ३० चा कुठल्या कुठे वाहतो.

देवबागवालो

उधाणाक खडपार पुढे उभो रवा नको, पाठीमागे पाणी चढता ता कळना नाय. मामाक सांग बघूक.